क्वालिटीची मुलाखत

भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात डिप्लोमा झालेल्या मुलामुलींच्या मुलाखती कुठे ना कुठे रोज चालू असतात. गाड्यांचे सुटे भाग करणारे कारखाने इथे ओळीने उभे आहेत. प्रत्येकाला मशीन चालवणारे लागतात आणि मशीनवरून उतरलेला जॉब तपासणारेही लागतात. मी तपासणाऱ्यांपैकी. मेकॅनिकलचा डिप्लोमा, वर्षभराची अप्रेंटिसशिप आणि मग चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर, असा माझा रस्ता. आता अप्रेंटिस मुली जेवणाच्या सुट्टीत विचारतात, "ताई, इंटरव्ह्यूला काय विचारतात?" जेवणाच्या सुट्टीत याचं पुरं उत्तर होत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी बार्शीची. वडिलांचं शिलाईचं दुकान आहे. डिप्लोमा सोलापूरला केला आणि अप्रेंटिस म्हणून भोसरीच्या एका छोट्या मशीन शॉपमध्ये लागले. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार डिप्लोमाधारक शिकाऊ उमेदवाराला तेव्हा महिना किमान ८,००० रुपये विद्यावेतन मिळायचं. कॉट बेसिसवर खोली, मेस आणि शेअर रिक्षा यांत ते संपायचं. पैशापेक्षा मोठी काळजी वर्ष संपल्यावरची होती. अप्रेंटिसशिप झाली की तिथेच कायम करतात असं सहसा होत नाही. प्रमाणपत्र मिळतं, पुढची बॅच येते आणि आपण बायोडेटा घेऊन बाहेर पडतो.

माझा पहिला बायोडेटा झेरॉक्सच्या दुकानात तयार झाला होता. त्यांच्याकडे साचा तयार असतो, नाव आणि टक्के बदलले की झालं. मेहनती, लवकर शिकणारी, सर्वांशी मिळून काम करणारी, असं सगळं त्यात इंग्रजीत होतं. आमच्या स्टँडर्ड रूममध्ये एक काका होते. मापाची सगळी साधनं त्यांच्या ताब्यात असायची, आणि मापाचं जे काही मला येतं ते बहुतेक त्यांनी शिकवलेलं. त्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "बाळ, हा कागद कोणाचाही असू शकतो. तू वर्षभर काय मोजलंस, ते लिही."

मग मी वही घातली. एका पानावर एक जॉब. वर जॉबचं नाव आणि मटेरिअल. खाली ड्रॉइंगमधली महत्त्वाची मापं आणि त्यांच्या मर्यादा. मग ते माप कशाने घेतो, किती जॉबमागे एक तपासतो, आणि शेवटी त्या जॉबवर काय काय रिजेक्शन आलं आणि त्यावर काय केलं. हे शेवटचं लिहायला सगळ्यात अवघड गेलं. रोज डोळ्यांसमोर घडत असतं, पण का घडलं असं कोणी विचारलं तर सांगता येत नाही. मी ऑपरेटर दादांना विचारत फिरले, सेटरच्या मागे लागले. काकांचा तर डबा खाण्याचा वेळ मी बऱ्याचदा खाल्ला. वडील माप कागदावर उतरवल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीत. ते लहानपणापासून बघत आले होते, त्यामुळे लिहून ठेवण्याचा कंटाळा आला नाही.

त्या वहीतलं एक पान जरा सविस्तर सांगते, कारण पुढे मुलाखतीत तेच कामाला आलं. आमच्याकडे पातळ भिंतीची एक स्टीलची रिंग व्हायची. आतला बोअर ६० मिमी, एच ७. म्हणजे माप ६०.००० पासून ६०.०३० पर्यंत चालतं, एकूण ३० मायक्रॉनची मुभा. एके दिवशी बोअर गेजवर जॉब चांगले दिसत होते. कुठूनही मोजा, ६०.००८ च्या आसपास. पण प्लग गेजची गो बाजू आत जाईना. गो बाजू ६०.००० ची, बोअर त्याहून मोठा, मग अडतंय कुठे? ऑपरेटर म्हणाला गेज खराब आहे. गेज तपासलं तर ते बरोबर होतं.

काकांनी रिंग हातात घेऊन फिरवली आणि सेटरला विचारलं, "चकचं प्रेशर किती ठेवलंयस?" मग मला समजावून सांगितलं. रिंग पातळ आहे आणि चकला तीन जॉ आहेत. तीन ठिकाणी दाबली की ती दबते. दबलेल्या अवस्थेत टूल आतून गोल बोअर करतं. चक सोडला की रिंग परत फुलते आणि बोअर तीन फुगवट्यांचा होतो. समोरासमोरच्या दोन बिंदूंत मोजणाऱ्या बोअर गेजला हा आकार सापडत नाही, कारण एका बाजूचा फुगवटा नेमका समोरच्या बाजूच्या खळग्यासमोर येतो आणि माप सगळीकडे सारखंच भरतं. प्लग गेज मात्र अख्ख्या गोलाने आत जातं, म्हणून ते अडतं. प्रेशर कमी केलं आणि सॉफ्ट जॉ रिंगच्या बाहेरच्या व्यासाला नीट बोअर करून बसवले, म्हणजे धरण्याचा भाग वाढला. त्यानंतर गेज जाऊ लागलं. आधीचे आणि नंतरचे जॉब मोजून तक्ता करण्याचं काम माझ्याकडे होतं.

वही भरत आली तशी बोलण्याची तयारी सुरू केली. माझ्या खोलीतली ताई एका दवाखान्यात नर्स होती. मशीनशी तिचा काही संबंध नव्हता, म्हणूनच मी तिला रोज एक पान सांगायचे. ती मध्येच थांबवायची, "मायक्रॉन म्हणजे केवढं गं?" मिलिमीटरचा हजारावा भाग, हे सांगून झालं की पुढचा प्रश्न, "एवढंसं कमीजास्त झालं तर गाडीचं काय बिघडतं?" या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्या दिवशी काकांना विचारलं. बोअर मोठा झाला तर शाफ्ट सैल बसतो, आवाज येतो, झीज वाढते. लहान झाला तर असेंब्लीत ठोकून बसवावा लागतो, आणि ठोकलेला भाग पुढे त्रास देतो. नर्सताईमुळे मला जॉब कुठे बसतो हे कळलं. तोपर्यंत मी नुसतंच मोजत होते.

इंग्रजीची भीती सगळ्यांनाच असते, मलाही होती. स्वतःबद्दल सांगा, या प्रश्नाची पाठ केलेली उत्तरं घेऊन मुलं जातात आणि दुसऱ्या वाक्याला विसरली की तिथेच सगळं कोसळतं. मी पाठांतर सोडलं. स्वतःबद्दलची पाच-सहा छोटी इंग्रजी वाक्यं बनवली, तीही अशी की एखादं विसरलं तरी पुढचं बोलता यावं. कामाचे शब्द तर आपण तसेही इंग्रजीच वापरतो. बाकीचं मराठीत किंवा हिंदीत बोलायला इथे कोणाची हरकत नसते, कारण लाइनवर त्याच भाषा चालतात. ड्रॉइंगवरची टीप वाचता यायला हवी आणि कस्टमरच्या मेलला दोन ओळींचं उत्तर लिहिता यायला हवं. एवढ्यासाठी मी रोज रात्री त्या दिवशीच्या रिजेक्शनचा चार ओळींचा इंग्रजी रिपोर्ट लिहायचे. कोणाला पाठवायचा नसायचा, फक्त सवय म्हणून.

नोकरी शोधून देणाऱ्या कन्सल्टन्सीवाल्यांबद्दल एवढंच सांगते की जॉइनिंगच्या नावाखाली आधी पैसे मागणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नका. आमच्या खोलीतल्या एका मुलीचे पैसे असेच गेले.

चाकणच्या मुलाखतीचा निरोप एका जुन्या अप्रेंटिस दादाकडून आला. अशा जागा बऱ्याचदा आतल्या माणसांकडूनच कळतात, म्हणून बरोबर काम केलेल्यांचे नंबर जपून ठेवावेत. वेळ सकाळी दहाची होती. तळेगाव चौकातली वाहतूक माहीत असल्यामुळे मी आठलाच निघाले. गेटवर आधार कार्ड दाखवून पास मिळाला, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर स्टिकर लागलं, आणि मी माझे सेफ्टी शूज घालूनच आले होते हे बघून सिक्युरिटीच्या मामांनी मान डोलावली. बाकीच्या मुलांना व्हिजिटरचे बूट शोधून द्यावे लागले.

आधी लेखी परीक्षा झाली. व्हर्निअरचा लीस्ट काउंट, मायक्रोमीटरच्या रॅचेटचा उपयोग, क्वालिटीची सात साधनं, सीपीके १.३३ म्हणजे काय, असे प्रश्न. हे पुस्तकातून येतं आणि आलंच पाहिजे. त्यातून आम्ही मोजकेच आत गेलो. टेबलापलीकडे एचआरच्या मॅडम, क्वालिटी हेड आणि प्रॉडक्शनचे साहेब होते. मॅडमनी घर, शिक्षण विचारलं आणि फाइल क्वालिटी हेडकडे सरकवली.

त्यांनी फाइल उघडलीच नाही. ड्रॉवरमधून एक बुश काढला, एक व्हर्निअर काढला आणि एक ड्रॉइंग समोर ठेवलं. म्हणाले, "बोअर चेक करून सांग."

मी आधी व्हर्निअरचे जॉ कापडाने पुसले, बंद केले आणि खिडकीकडे धरून उजेड दिसतो का ते पाहिलं. शून्य शून्यावर होतं. बुशच्या कडेला बर नाही ना, हे बोट फिरवून बघितलं. मग आतल्या जॉने माप घेतलं, बुश नव्वद अंशांत फिरवून परत घेतलं. २५.०२ आलं. ड्रॉइंगवर होतं २५ एच ७.

"किती?"

"सर, व्हर्निअरवर २५.०२ दिसतंय. पण यावरून मी ओके किंवा रिजेक्ट सांगू शकत नाही."

"का?"

"२५ एच ७ ची मर्यादा २५.००० ते २५.०२१ आहे. पूर्ण मुभाच २१ मायक्रॉनची, आणि या व्हर्निअरचा लीस्ट काउंट २० मायक्रॉन. मापाचं साधन टॉलरन्सच्या दहाव्या भागापर्यंत वाचणारं पाहिजे. याला बोअर गेज किंवा एअर गेज लागेल. लाइनवर नुसतं चालेल की नाही एवढंच ठरवायचं असेल तर प्लग गेज."

"प्लग गेजने काय कळत नाही?"

"माप कळत नाही. गो गेलं, नो-गो नाही गेलं, एवढंच कळतं. बोअर हळूहळू मोठा होत चाललाय हे आधी समजत नाही."

"आणि बुश आत्ताच मशीनवरून उतरला असेल तर?"

"गार होऊ देईन. माप २० अंशांना धरतात. या मापाच्या स्टीलला दहा अंशांनी साधारण ३ मायक्रॉनचा फरक पडतो. २१ मधले ३ म्हणजे पुष्कळ झाले."

हे आकडे मी मुलाखतीसाठी पाठ केले नव्हते. वहीत वेगवेगळ्या व्यासांच्या एच ७ मर्यादा मी स्वतः तक्त्यातून उतरवल्या होत्या, आणि स्टीलचं प्रसरण काकांनी एका दुपारी गरम जॉब आणि गार जॉब एकाच गेजवर मोजायला लावून दाखवलं होतं. म्हणून समोरच्याने प्रश्न फिरवला तरी पायाखालची जमीन सरकली नाही.

मग त्यांनी मी सोडवलेली एखादी अडचण विचारली. मी रिंगचं पान सांगितलं. सांगताना स्पष्ट म्हटलं की कारण आमच्या काकांनी ओळखलं, प्रेशर सेटरने बदललं आणि आधीची-नंतरची मापं मी घेतली. या मुद्द्यावर मी ठाम आहे. अप्रेंटिसने सगळं स्वतः केलं असं कोणी सांगितलं तर ते खोटं आहे हे पलीकडच्याला तिथल्या तिथे कळतं. आपला वाटा नेमका सांगितला की पुढचे प्रश्न त्या वाट्यावर येतात, आणि तो वाटा आपल्याला पुरता माहीत असतो. झालंही तसंच. किती जॉब मोजले, कुठल्या खोलीवर मोजले, बोअर गेज कशावर सेट केलं, असे प्रश्न आले आणि मी उत्तरं देत गेले.

प्रॉडक्शनच्या साहेबांचा प्रश्न वेगळ्या जातीचा होता. "रात्रीचे साडेअकरा वाजलेत. डिस्पॅचची गाडी उभी आहे. तुला एक जॉब ओव्हरसाइज सापडला. सुपरवायझर म्हणतोय जाऊ दे. काय करशील?"

मी म्हटलं, मशीन थांबवायला सांगेन आणि तो जॉब लाल पेटीत टाकेन. शेवटचा ओके जॉब कधी तपासला होता ते रजिस्टरमध्ये बघेन. तासाला तपासणी असेल तर मधल्या तासाचा सगळा माल होल्डचा टॅग लावून बाजूला काढेन आणि सीनियरना फोन करेन.

"आणि सीनियर फोनवर म्हणाले पाठवून दे?"

"डेव्हिएशन लेखी आलं तर पाठवेन. तोंडी नाही."

"लेखी यायला दोन तास लागतात. कस्टमरची लाइन बंद पडेल."

"सर, होल्ड फक्त त्या एका तासाच्या मालाला आहे. आधीचा तपासलेला माल गाडीत भरायला माझी हरकत नाही. आणि मधल्या वेळात होल्डचा माल मी शंभर टक्के तपासायला घेईन, जेवढा चांगला निघेल तेवढा सोडेन."

साहेबांनी क्वालिटी हेडकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. गाडी रिकामी पाठवायची नाही आणि खराब मालही पाठवायचा नाही, या दोन्हींचा विचार त्यांना ऐकायचा होता, असं मला आज वाटतं. माल अडवून धरणारी क्वालिटीची माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली असणार.

मग मॅडमनी विचारलं, "रात्रपाळी जमेल? आणि लग्नाचा काय विचार आहे?"

रात्रपाळीचा प्रश्न मला रास्त वाटतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात बायकांना संध्याकाळी सात ते सकाळी सहा काम करायला बंदी होती. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ती सुरक्षिततेच्या आणि वाहतुकीच्या अटींवर शिथिल केली. मी म्हटलं, जमेल, पण कंपनीची बस खोलीपर्यंत सोडणार का आणि पाळीत माझ्याबरोबर आणखी मुली असणार का, हे मला माहीत असायला हवं. लग्नाचा प्रश्न मात्र मला पटत नाही. माझ्याआधी आत गेलेल्या मुलांना तो विचारला नव्हता, मी बाहेर आल्यावर चौकशी केली. त्या वेळी मी शांतपणे एवढंच म्हणाले, "मॅडम, तसं काही ठरलं तर मी वेळेत कळवीन. इथे मी शिकायला आणि टिकायला आले आहे." राग येऊन उपयोग नव्हता आणि खोटं आश्वासन मला द्यायचं नव्हतं.

पगाराचं बोलायला मुलं बिचकतात. तुम्ही द्याल तो, असं म्हणून मोकळी होतात आणि पहिल्या पगाराच्या दिवशी रडतात. मला वर्षाला २ लाख ४० हजार सांगितले. मी विचारलं, हा आकडा सीटीसी की ग्रॉस? सीटीसी असेल तर कंपनीचा पीएफचा हिस्सा, ईएसआय आणि ग्रॅच्युइटी त्यातच धरलेली असते. बेसिकच्या १२ टक्के पीएफ आपल्या पगारातून कापला जातो, तेवढाच कंपनी घालते. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय लागू होतो, त्यात आपला पाऊण टक्का जातो. महिना वीस हजार ऐकले तरी हातात साडेसोळा हजारांच्या आसपास येणार, हे मला तिथेच कळलं. आणखी एक गोष्ट विचारली, नोकरी कंपनीच्या रोलवर की कॉन्ट्रॅक्टरच्या? हा प्रश्न पगारापेक्षाही महत्त्वाचा आहे. उत्तर आलं, रोलवर, सहा महिने प्रोबेशन.

शेवटी त्यांनी विचारलं, तुला काही विचारायचंय का? मी म्हटलं, "सर, अलीकडे कस्टमरच्या तक्रारी कुठल्या मापावर जास्त आल्या?" क्वालिटी हेड खुर्चीत पुढे सरकले आणि एका हाउसिंगच्या पोझिशनबद्दल चांगली दहा मिनिटं बोलले. आधीच्या सगळ्या वेळात ते एवढं बोलले नव्हते.

आठवड्याभरात ऑफर लेटर आलं. मी ते नर्सताईला घेऊन ओळ न ओळ वाचलं. मूळ प्रमाणपत्रं जमा करायला सांगतात का हे आधी पाहिलं. तसं नव्हतं, मूळ दाखवून झेरॉक्स द्यायची होती. वडिलांना फोन केला. त्यांनी दुकानातल्या गिऱ्हाइकालाच पहिल्यांदा सांगितलं, मला फोनवर ऐकू येत होतं. काकांना पेढे दिले तर म्हणाले, "वही बंद करू नकोस." ती अजून चालू आहे, आता तिसरी.

आता आमच्या कारखान्यात अप्रेंटिस आणि इन्स्पेक्टरच्या मुलाखतींना क्वालिटीतर्फे मला बसवतात. बुश तोच ठेवतो, पण टेबलावर व्हर्निअर, बोअर गेज आणि प्लग गेज तिन्ही मांडतो आणि उमेदवाराला निवडू देतो. एकच साधन दिलं की बिचारी मुलं दिलंय म्हणून त्यानेच मोजतात, आणि त्यांना खरंच काय येतं ते कळत नाही. कोणी चुकीचं साधन उचललं तरी मी त्याचं कारण विचारते आणि ड्रॉइंग पुन्हा वाचायला वेळ देते. ज्यांनी दुसऱ्यांदा वाचून साधन बदललं अशांतली काहीजणं आज लाइनवर उत्तम काम करतात. लग्नाचा प्रश्न आम्ही काढून टाकला. त्यासाठी मॅडमशी दोनदा बोलावं लागलं, पण त्यांनी ऐकलं. रात्रपाळीबद्दल आता मुलांनाही विचारतो, आणि मुलींना बसचा मार्ग, वेळ आणि पाळीत आणखी किती जणी आहेत, हे त्यांनी विचारायच्या आधीच सांगतो.